अर्ध्या मार्काचा फरक

"तुम्ही सांभाळून घेतलंत हो ह्यांना. अकरा वर्षं म्हणजे काय चेष्टा आहे? सख्खं माणूस करणार नाही एवढं केलंत," मास्तरांची बायको म्हणाली आणि काउंटरवर टेकलेला बाईंचा हात तिने आपल्या हाताखाली घेऊन हलकेच दाबला. दाबणारा हात उबदार होता, त्याला लिंबाच्या साबणाचा वास होता, बोटावर विळीने कापल्याची जुनी खूण होती. एवढं सगळं काउंटरमागच्या तिला आधी कळलं आणि बोलण्याचा अर्थ मागाहून यायला लागला. तिचं नेहमी असंच व्हायचं. एकोणीस वर्षं वाइन चाखण्यात गेल्यावर नाक पुढे पळतं आणि डोकं मागून येतं. अर्थ अजून अर्ध्या वाटेवरच होता, तोवर तिच्या तोंडून चारचौघांसारखं निघून गेलं, "छे हो, त्यात काय एवढं." आणि तिथेच ती फसली. एकदा 'त्यात काय एवढं' म्हणून बसल्यावर 'म्हणजे कशात?' असं कोणत्या तोंडाने विचारायचं?

सकाळचे साडेअकरा झाले होते. शुक्रवारपासून तीन दिवस जोडून सुट्टी होती, आणि दुकानाचा शिरस्ता असा की अशा मोठ्या सुट्टीआधी दर्शनी फळीवर सहा दणदणीत रेड वाइन मांडायच्या, प्रत्येकीच्या गळ्यात तिच्या हस्ताक्षरातलं कार्ड. सुट्टीत लोकांकडे माणसं जमतात, मोठमोठ्याने बोलतात, ताटं भरून जेवतात. हलकीफुलकी वाइन त्या गलक्यात कुठल्या कुठे जाते. तिथे जड अंगाचीच हवी, काळपट, तुरट, जीभ धरून ठेवणारी. निवडायचं काम मागच्या खोलीत चालायचं. खोलीत एक टेबल, त्यावर पांढरा कागद, तीन खुर्च्या, तीन थुंकायच्या बादल्या आणि एक मोठी खिडकी. फुलं नाहीत, अत्तर नाही, चहा नाही, आणि बोलणं तर मुळीच नाही. बाटल्यांना कापडी पिशव्या घातलेल्या, पिशवीवर फक्त नंबर. घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, थुंकायचा, वीसपैकी मार्क कार्डावर लिहून कार्ड पालथं ठेवायचं. तिघांचं झालं की कार्डं एकदम उलटायची. एक खुर्ची शेठची, एक तिची आणि तिच्या बरोब्बर समोरची मास्तरांची. मास्तर कुठल्याही शाळेत शिकवायला गेले नव्हते. मार्क देताना हात आखडता, म्हणून मास्तर. आणि मास्तर आहेत म्हटल्यावर ती आपोआप बाई झाली. गोदामातले लोक हसायचे, "मास्तर आले, बाई आल्या, भरली शाळा!" ती वरवर डोळे वटारायची, पण ते दोन शब्द एका दमात ऐकायला तिला फार आवडायचं. मास्तर महिन्यापूर्वी निवृत्त झाले. त्यानंतर चाखायला बसायची आज पहिलीच वेळ, आणि त्यांच्या खुर्चीत शेठचे साडू बसले होते, ज्यांचा वाइनशी संबंध आजवर रिचवण्यापुरताच आला होता. चार नंबर झाल्यावर तोंड धुवायला दहा मिनिटं सुट्टी असते. तेवढ्यात बाहेरून निरोप आला की मास्तरांच्या घरून कोणीतरी आलंय. तिला वाटलं, मास्तरच. जांभळे झालेले दात रुमालाने खसाखसा पुसत, केस सारखे करत ती लगबगीने बाहेर आली, तर बाहेर मास्तरीण.

एकोणीस वर्षांत ती मास्तरणीला दोनदा भेटली होती, दोन्ही वेळा दारातल्या दारात. गोल चेहऱ्याची, सतत पिशवी सावरणारी, बोलकी बाई. बारा बाटल्या हव्या होत्या. रविवारी घरी कार्यक्रम होता. लग्नाला तीस वर्षं झाली, शिवाय निवृत्ती. दोन्ही एकदमच उरकून टाकतोय, असं ती म्हणाली. "दणकट रेड द्या हं, ह्यांना तीच लागते," म्हणाली, आणि मग एकाएकी गहिवरून ते सांभाळून घेतल्याचं बोलली.

"मास्तरांनी तुम्हाला सगळं सांगितलं का?" तिने चाचपडत विचारलं. अंधारात पायरी शोधतात तसं ती एकेक शब्द टाकत होती.

"सांगितलं म्हणजे? अहो, माझ्यादेखत तर झालं! तो ताप आठवतो ना तुम्हाला? तीन आठवडे अंथरुणाला खिळले होते. ताप उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. मला कधी कळलं सांगू? गॅसवर दूध ठेवून मी खाली गेले होते. वर येते तर घरभर धूर, भांडं काळंठिक्कर, आणि हे शेजारच्या खुर्चीवर मजेत पेपर वाचतायत. म्हटलं, अहो, तोंडावर नाक आहे का नुसतं चष्मा अडकवायला ठेवलंय? तर माझ्याकडे बघितलं आणि रडायलाच लागले. एवढा बाप्या माणूस." मास्तरणीने पदराने नाक पुसलं. "डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. कशाचं काय! गोड, आंबट, तुरट एवढं जिभेला कळतं, बाकी कारभार बंद. आता वाइनवाल्याचं नाक गेलं म्हणजे राहिलं काय? मी म्हटलं, शेठना सांगून टाका, देतील दुसरं काम. तर म्हणाले, थांब, समोर बाई आहेत. बाईंच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं, मी वाचून काढतो. आणि तुम्ही वाचू दिलंत. कधी एका शब्दाने कुणाजवळ बोलला नाहीत. कुणाचं घर चालतं त्याच्यावर, हे समजून होतात तुम्ही."

ती हसली. हसणं भागच होतं. तिला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं, हे आता या जगात फक्त तिला एकटीला माहीत होतं. मास्तरणीच्या घरी ती अकरा वर्षं मोठ्या मनाची, जाणती, परोपकारी बाई म्हणून नांदत होती. आणि इकडे ही खरी, काउंटरच्या मागे उभी, पायाखालची फरशी आहे की नाही हे टाचेने चाचपत.

पहिली आठ वर्षं मास्तरांचं आणि तिचं एकदाही पटलं नव्हतं. ती पंधरा द्यायची, ते अकरा. ती म्हणायची काळी मिरी, ते म्हणायचे ओला पुठ्ठा. एकदा तर असं जुंपलं की शेठ दोघांच्या हातापाया पडून बाहेर निघून गेले. मास्तर टेबलावर मूठ आपटून म्हणाले होते, "बाई, तुमच्या नाकाला सर्दी झालीय." ती म्हणाली होती, "आणि तुमच्या मनाला." त्या रात्री ती रागाने जेवली नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी नऊ वाजता खोलीत सगळ्यांच्या आधी हजर होती. मग तो ताप आला, आणि तापानंतर मार्क जुळायला लागले. फरक असला तर अर्ध्या मार्काचा, फार तर एकाचा. कार्डं उलटायची आणि साडेसोळाच्या शेजारी सतरा निघायचे, तेराच्या शेजारी तेरा. शेठ म्हणायचे, "दोन पगार कशाला देतोय मी? एकात भागेल." तिला वाटलं, भांडून भांडून एकमेकांच्या चवीला आलो. संसारात होतं म्हणतात, तसं आपलं या खोलीत झालं. पुन्हा मास्तरांची ती रीत: कार्डं उलटली की म्हणायचे, "बाई, आधी तुम्ही सांगा." ती सांगायची, पिकून फुटलेला आलुबुखार आहे, पावसात भिजून वाळलेला चामड्याचा बूट आहे, शेवटी जळक्या लाकडाचा कडवटपणा आहे. ते मान खाली घालून ऐकायचे आणि म्हणायचे, "माझ्या मनातलं बोललात." हे एवढं एक वाक्य तिला आठवडाभर पुरायचं. जिना चढताना, दोन खोल्यांच्या घरात एकटीपुरता भात लावताना, भावाकडे राहणाऱ्या आईच्या गोळ्यांच्या वेळा वहिनीसाठी कागदावर लिहिताना ती ते पुन्हा पुन्हा काढून बघायची. माझ्या मनातलं बोललात.

वहिनीने मधे एक माणूस सुचवला होता. घड्याळदुरुस्तीचं दुकान, बायको जाऊन चार वर्षं झालेली, बोलणं हळू, हसणं मोकळं. दोनदा चहाला येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा तिने दुकानातली एक रेड त्याच्यापुढे ठेवली, चांगली कोरडी, घशाला शोष पाडणारी, आणि त्याने एक घोट घेऊन मनापासून सांगितलं, "वा, गोड आहे." बिचारा. त्याला बरं बोलायचं होतं. तिने त्याला नकार कळवला तेव्हा वहिनी कडाडली, "तुला हवंय तरी काय? नवरा हवाय का वाइनला मार्क द्यायला माणूस हवाय?" तसं नाही गं वहिनी, ती म्हणाली. पण तसंच होतं. जगाच्या पाठीवर एक माणूस असा होता की त्याच्या तोंडात आणि तिच्या तोंडात एकच चव उतरत होती. तो दुसरीचा होता, असू दे. त्याचं घर, त्याची मुलं, त्याचा डबा, सगळं त्याचं त्याला लखलाभ. तिने कधी हात पुढे केला नाही, बोलण्यात कधी वावगं येऊ दिलं नाही, कधी त्याच्या वाटेने दोन पावलं जास्त चालली नाही. कार्डं उलटायच्या वेळी तेवढा श्वास धरायची. प्रेमच होतं ते, उगाच दुसरं नाव कशाला द्यायचं?

"राग मानू नका हं, पण हे घरी मला तुमची नक्कल करून दाखवायचे," मास्तरीण आता रंगात आली होती. "वाइन बरी असली की तुम्ही खालचा ओठ आत घेता. वाईट निघाली की खिडकीकडे बघता, जशी काही खिडकीचीच चूक. आणि एकदम भारी असली ना, की टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवता, हा असा." तिने काउंटरच्या कडेवरून अंगठा फिरवला, सावकाश, डावीकडून उजवीकडे. ती बघत राहिली. आपण असं करतो हे तिला ठाऊकसुद्धा नव्हतं. "मला तर हेवाच वाटायचा हो. तीस वर्षांत ह्यांनी माझ्या तोंडाकडे एवढं कधी बघितलं असेल तर शपथ!" आणि मास्तरीण खळखळून हसली. त्या हसण्यात कुठे काटा नव्हता, कुसळ नव्हतं. असतं तर तिला बरं वाटलं असतं. भांडायला तरी कोणी मिळालं असतं.

"आणि मी नसायचे तेव्हा?" तिने विचारलं.

"तेव्हा हेही सुट्टी टाकायचे की! शेठना वाटायचं, गावात साथ आलीय." मास्तरीण पुन्हा हसली. "दोन वर्षांपूर्वी तुमची आई गेली, तेव्हा दोन आठवडे घरी बसून होते. मी म्हटलं, अहो, त्यांची आई गेलीय, तुम्ही का सुतक धरल्यासारखे बसलाय? तर म्हणाले, बाई नाहीत, मी तिथे जाऊन करू काय?"

आई गेली त्या दिवसांत वहिनीच्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली होती. कुणीतरी दुकानातून भेटायला आलं आणि जाता जाता सांगून गेलं की मास्तरही आले नाहीत हो इतके दिवस. ती आणखी जोरात रडायला लागली होती. वहिनीला वाटलं, आईसाठी. आईसाठीही होतंच. पण आत, अगदी आत, एक गोड कळ उठली होती की आपण नाही म्हणून त्याला त्या खोलीत बसवत नाही. आईचं अंथरूण अजून गुंडाळलं नव्हतं आणि मुलीच्या मनात हे. त्याची तिला इतकी शरम वाटली होती की पुढे महिनाभर तिने मास्तरांकडे नीट बघितलं नव्हतं. आता वाटलं, त्या महिन्यात त्याचे किती हाल झाले असतील. आणि असं वाटल्याबद्दल तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"रविवारी तुम्ही यायचंच," मास्तरीण म्हणाली. "नाही म्हणायचं नाही. तुम्ही समोर बसलात ना, तर ह्यांना निदान चव तरी कळेल." हे बोलून ती पुन्हा हसली आणि बाटल्यांचं काय, म्हणून विचारू लागली.

कुठलीही बाटली दिली असती तरी चाललं असतं. नाक नसलेल्या माणसाला काय, महाग काय न् स्वस्त काय. पण तिची पावलं आपसूक मागच्या खोलीत गेली आणि दोन नंबरची पिशवी काढून कुठली वाइन आहे ते बघून आली. सकाळपासूनच्या चारांत तीच सगळ्यात तुरट होती. तुरटपणाला वास लागत नाही. तो जिभेला नुसता चिमटा काढतो, हिरड्या आवळतो, आणि मागून दारूची ऊब घशातून खाली उतरते. एवढं त्याला कळेल. गेली काही वर्षं मास्तर जडातल्या जड वाइनचा हट्ट का धरायचे हेही तिला तिथे पिशवी हातात धरून उभं असताना समजलं. बारा बाटल्यांची चिठ्ठी लिहून, शनिवारी घरपोच पाठवते असं सांगून, मास्तरणीचा फोन नंबर घेऊन तिने तिला दारापर्यंत पोचवलं. मास्तरीण रस्ता ओलांडून पलीकडे जाईपर्यंत हात हलवत होती. खरं तर तिला राग यायला हवा होता. तो येत नव्हता, आणि त्याचाच तिला राग येत होता.

खोलीत शेठ आणि साडू वाट बघत होते. "चला बाई, पाच नंबर," शेठ म्हणाले. ग्लासात वाइन पडली. दाट, जवळजवळ काळी. तिने ग्लास नाकाशी नेला, घोट घेतला, आणि तिच्या लक्षात आलं की आपला खालचा ओठ आत चाललाय. तिने तो बाहेर काढला. मग डोळे खिडकीकडे वळले, ते तिने ओढून टेबलावर आणले. अंगठा कडेवर होता, तो मांडीवर घेतला. आता चेहऱ्याचं करायचं काय? कुठेही ठेवला तरी कुठलीतरी खूण होतीच. तिने चेहरा दगडासारखा धरला आणि तोंडातली चवच गेली. नुसतं काहीतरी ओलं, गार, जिभेवर. तिने ते बादलीत थुंकलं. समोर साडू आढ्याकडे बघत मिटक्या मारत होते. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. किती वर्षांनी असं झालं होतं. तिला एकदम उघडं पडल्यासारखं वाटलं, अंगावरची शाल कुणी ओढून न्यावी तसं.

फळा केला त्याने माझ्या तोंडाचा, ती मनाशी म्हणाली. लिहिलेलं वाचायचं, उतरवून घ्यायचं, पुसायचं. फळ्याला काय वाटतं याचा विचार कोण करतो? बरं, त्याचं तरी काय चुकलं? नोकरी टिकवायची होती. दोन मुलं शिकत होती. आणि मी ज्याला एकमत समजून बसले ती नक्कल होती. माझेच मार्क माझ्याकडे परत येत होते आणि मी ते छातीशी धरत होते. भांडायचो ती आठ वर्षं खरी. तेव्हा समोर एक माणूस होता, त्याला त्याची जीभ होती. ती वर्षं मी एक कार्ड पालथं टाकावं तशी टाकून दिली आणि ही अकरा उराशी घेऊन बसले. एका घड्याळवाल्याला 'गोड आहे' म्हणाला म्हणून घालवून दिलं. तो निदान स्वतःच्या जिभेने बोलला होता. तिचे डोळे भरून आले, पण वाइनच्या खोलीत डोळ्यांत पाणी येतंच कधीकधी. कुणी विचारलं नाही. एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. मूर्ख ठरले, ठरले. मूर्ख माणसं काय जगत नाहीत?

पण डोकं एकदा हिशेबाला लागलं की थांबत नाही. तिला तापानंतरचा पहिला दिवस आठवला. मास्तर काठी टेकत आले होते, गालफडं बसलेली, कोट अंगावर लोंबत होता. खुर्चीत बसले, तिच्याकडे बघून दुबळं हसले. त्या दिवशी आठ वाइन होत्या आणि आठही पाणचट, कुठल्याशा गोदामात सडलेला माल. तिने नऊ दिले होते, दहा दिले होते, एकीला सात. कार्डं उलटली तर मास्तरांचे सतरा, साडेसतरा, अठरा, अठरा. शेठ ओरडले, "मास्तर, ताप डोक्यात गेला का काय? या बादलीतल्या पाण्याला अठरा?" तीही हसली होती. तिला वाटलं, माणूस मरणाच्या दारातून परत आलाय, त्याला पाणीसुद्धा गोड लागत असणार. मास्तर मात्र हसले नव्हते. त्यांनी तिचं कार्ड हातात घेतलं. नऊ. ते बघितलं. मग तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. पुन्हा कार्डाकडे. बराच वेळ. तिला वाटलं होतं, थकवा आहे.

नऊची वाइन, आणि चेहऱ्यावर अठरा. तीन आठवड्यांनी तो समोर बसला होता, जिवंत. तिच्या तोंडात काय होतं इकडे तिचं लक्षच नव्हतं. मार्क हाताने लिहिले, सवयीने. चेहरा मात्र त्याच्याकडे बघत होता, आणि चेहऱ्यावर होतं ते सगळं त्याने इमानदारीने वाचून कार्डावर उतरवलं होतं. एक अक्षर इकडचं तिकडे केलं नव्हतं.

आणि दुसऱ्या दिवसापासून एकही मार्क चुकला नाही. इथे येऊन ती थबकली. शेठ काहीतरी विचारत होते, ते तिला ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिचा आनंद काय कमी झाला होता? तिसऱ्या दिवशी? अकरा वर्षं रोज सकाळी ते समोर येऊन बसले की तिच्या चेहऱ्यावर तेच यायचं, आणि ते असतानाही मास्तर बरोबर नऊच्या जागी नऊ आणि सतराच्या जागी सतरा लिहीत होते. म्हणजे त्या चेहऱ्यातलं वाइनचं किती आणि आपलं किती, हे त्यांना कळलं होतं. त्या एका संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी तो ताळा केला असणार, आणि पुढे रोज, प्रत्येक घोटाला, आपल्या वाट्याचं जे होतं ते वजा करून उरलेलं कार्डावर मांडलं असणार. वजा केल्याशिवाय उत्तर जुळलंच नसतं. त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, एकही दिवस न चुकता, माहीत होतं. आणि माहीत असून त्यांनी त्याचं काहीही केलं नाही. फक्त बाजूला ठेवलं.

ती उठली. "दोन मिनिटं हं शेठ," म्हणाली आणि पॅसेजमध्ये येऊन चिठ्ठीवरचा नंबर लावला. रविवारी त्या घरी, भरल्या पंगतीत, त्या माणसाच्या समोर बसायचं आणि त्याने आपल्या तोंडाकडे बघायचं, हे होणार नव्हतं. निदान एवढं तरी आपल्या हातात होतं.

मास्तरणीने फोन उचलला. मागे रस्त्याचा आवाज होता, ती अजून चालतच होती. "मी बोलतेय, दुकानातून," ती म्हणाली. "अहो, रविवारचं मला काही जमायचं नाही बघा. मघाशी लक्षातच आलं नाही. जरा काम निघालंय."

"अगं बाई!" मास्तरीण म्हणाली. "हे म्हणालेच होते. सकाळी निघताना मला बजावलं, बाटल्या घे आणि ये, बाईंना बोलावू नकोस. मी म्हटलं, हे काय बोलणं झालं? एवढं केलं त्यांनी तुमच्यासाठी! तर म्हणाले, नको, त्यांना त्रास होईल. आणि तडक गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी मेली आगाऊ, माझ्याच्याने राहवलं नाही. तुम्हाला म्हणून विचारते, कसला हो त्रास?"

पॅसेजच्या खिडकीतून समोरच्या भिंतीवरचं ऊन दिसत होतं. ती त्या उन्हाकडे बघत होती. आवाज तेवढा सरळ ठेवायचा होता. चेहरा कसाही झाला तरी चालणार होतं, फोनवर तो कुणाला दिसत नव्हता.

"उन्हाचा," ती म्हणाली. "मला ऊन सोसत नाही हल्ली."

"एवढंच ना?" मास्तरणीचा जीव भांड्यात पडला. "मग संध्याकाळी या की, ऊन उतरल्यावर. मी ह्यांना सांगते तसं."

"बरं," ती म्हणाली. "बघते."